टाचेखालचा टॉवेल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठेचाळीस, धंद्याने कुलपे-किल्ल्यांचा कारागीर आणि बावीस वर्षे मुष्टियुद्धाचा पंच, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायकोने एक आग्रह धरला, पण तो घराबद्दल किंवा दुकानाबद्दल नव्हता. काय होता ते पुढे येईल. पुढच्या महिन्यात माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी सामन्याआधी किती तरी खेळाडूंच्या आयांना सांगितले आहे, त्यामुळे त्याचे वजन मला माहीत आहे.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात हे सगळे बसेना, म्हणून साध्या वहीच्या कागदावर लिहितो. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेले अक्षर आहे, वाचायला त्रास होणार नाही.

कलम १. राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, माझ्यामागे बायकोचे आणि तिच्यामागे लेकीचे. लेक परिचारिका आहे, रुग्णालयाच्या वसतिगृहात राहते आणि मला घराची गरज नाही असे म्हणते. मात्र तिची पुस्तके, हिवाळी कपडे आणि बिघडलेली इस्त्री अजून वरच्याच खोलीत आहेत, त्यावरून काय ते समजावे.

यात एक अपवाद. रस्त्याकडची खालची खोली डावऱ्याला आणि त्याच्या आईला हयातभर राहायला द्यावी. डावऱ्या म्हणजे सहा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या भागातला सगळ्यात चांगला डावखुरा मुष्टियोद्धा. आता तो एकतीस वर्षांचा आहे. उजवा हात मिटत नाही, उजवा पाय ओढत चालतो, बोलताना शब्द शोधतो. वाचनालयात डाव्या हाताने पुस्तकांवर शिक्के मारतो, आणि शिक्का एकदाही तिरका पडू देत नाही. मायलेक तिसऱ्या मजल्यावर राहतात. तेवढे जिने चढायला त्याला सोळा मिनिटे लागतात. मी त्याच्या मागून चढलो आहे, म्हणून सांगतो.

ही खोली मेहेरबानी म्हणून दिली असे कोणी समजू नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. दुकानातल्या सगळ्या कानशी, किल्ल्या कापायचे यंत्र आणि टेबलाला बसवलेला व्हाइस माझ्या धाकट्या भावाला. शिडी लिहिलेली नाही, कारण ती नऊ वर्षांपूर्वी त्याने दोन दिवसांसाठी नेली आहे. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, फक्त माझ्या दिवसकार्याला आलेल्या लोकांना ती आपली म्हणून दाखवू नये. गल्ल्याखालच्या खणात बिनधन्याच्या किल्ल्या आहेत, सुमारे दोनशे. त्या भंगारात घालू नयेत. एखाद्याला आज ना उद्या आपले दार आठवते.

बँकेत आहे ते बायकोचे. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझ्या पंचगिरीच्या सात वह्या संघटनेच्या नव्या पंचांच्या वर्गाला द्याव्यात. मी थांबवलेला प्रत्येक सामना त्यांत आहे: कितवी फेरी, थांबवण्याआधी खेळाडूचे पाय कसे होते, डोळे कसे होते. वर्गात दर वर्षी एक प्रश्न निघतो, की पंच सामने फार लवकर थांबवतात का. मला विचारले की मी हसून वेळ मारून नेत असे. आता उत्तर देतो.

होय, थांबवतात. मीही थांबवले. प्रेक्षक मला ‘आजी’ म्हणत. मी दोरांमधून आत शिरलो की मागच्या बाकांवरून आवाज यायचा, आजी आली, आता पोरांना झोपवणार. हे नाव पहिल्यांदा ठेवले ते वस्तादने, म्हणजे डावऱ्याच्या प्रशिक्षकाने. तो डावऱ्याचा सख्खा मामाही आहे. त्याच्या चेष्टेत विष नसायचे. सामना संपला की हाच माणूस अर्धा कप चहा माझ्यापुढे सरकवायचा.

सात वर्षांपूर्वी मी डावऱ्याचा विजेतेपदाचा सामना सहाव्या फेरीत थांबवला. तो गुणांवर पुढे होता. दोन ठोसे कानशिलावर बसले, पाय लटपटले, मी मध्ये गेलो. पट्टा दुसऱ्याच्या कमरेला गेला. डावऱ्या ओरडला नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाला, “काका, मी उभा होतो.” ते पान मी शंभर वेळा वाचले आहे. थांबवणे बरोबर होते की चूक, मला आजही ठरवता आलेले नाही. नव्या पंचांना एवढेच सांगणे, की लवकर थांबवलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी घरी येऊन शिव्या देतो. त्या ऐकून घ्याव्यात. त्याला त्या नीट देता येतात, शब्द सापडतात, याबद्दल मनात देवाचे आभार मानावेत.

कलम ४. हे कलम लिहायला मला सहा वर्षे लागली.

त्या विजेतेपदाच्या सामन्यानंतर वर्षभराने, एका रविवारी दुपारी, त्याच दोघांचा पुन्हा सामना लागला आणि पंच म्हणून पुन्हा मीच. सामन्याआधी पंचाने खोलीत जाऊन खेळाडूला नियम सांगायचे असतात. वस्ताद बर्फ आणायला बाहेर गेला होता. डावऱ्या बाकावर बसून हाताच्या पट्ट्या दाबत होता. नियम ऐकून झाल्यावर म्हणाला, “काका, या खेपेला पडलो तर मोजा. पण उभा असलो तर थांबवू नका.”

मी म्हणालो, “बरं.”

पंचाने खेळाडूला कसलाही शब्द द्यायचा नसतो. मी नवा नव्हतो, मला हे ठाऊक होते. पण वर्षभर ते ‘मी उभा होतो’ माझ्या कानात होते, आणि त्याच्यापेक्षाही मागच्या बाकांवरचे ‘आजी’ होते. त्याने मागितले हा त्याचा दोष नव्हे. तो खेळाडू होता, मागणारच. नाही म्हणण्यासाठीच तिथे पंच ठेवलेला असतो.

आठव्या फेरीत तो कोपऱ्यात सापडला. हात खाली आले होते, पण तो उभा होता. तेवढ्यात माझ्या पायामागे काहीतरी मऊ पडले. मी खाली पाहिले. पांढरा टॉवेल, कोपऱ्यात लाल दोऱ्याची चांदणी. ती चांदणी डावऱ्याच्या आईने काढलेली; पोराच्या प्रत्येक वस्तूवर ती काढत असे. म्हणजे वस्तादने सामना सोडला होता. मी त्याच क्षणी थांबवायला हवे होते. मी टाचेने तो टॉवेल मागे सारला, दोराखालून बाहेर जाईपर्यंत.

पंचाच्या डोक्यात आकडे आपोआप चालू असतात. टॉवेल पडल्यापासून मी अकरा मोजले. तेवढ्यात नऊ ठोसे बसले. मग मला दिसले, की डावऱ्या समोरच्याकडे बघतच नाही, माझ्याकडे बघतो आहे. थांबवा म्हणत होता की शब्द पाळा म्हणत होता, हे मला कळले नाही. मी मध्ये गेलो. तो माझ्या अंगावर पडला.

गर्दीत मी तो टॉवेल उचलून पिशवीत घातला. त्या सामन्याचे एकच चित्रीकरण आहे आणि त्यात नेमकी माझी पाठ आड येते. चौकशी समितीने विचारले, टॉवेल आधी पडला की तुम्ही आधी थांबवलंत? मी म्हणालो, “मी आधी थांबवलं.” वस्ताद शेजारच्याच खुर्चीवर होता. तो समितीला नाही, मला म्हणाला, “अरे, तू खाली बघितलंस.” मी पेल्यातले पाणी प्यायलो.

त्याचा परवाना गेला. सामना सोडायला उशीर केला, असा ठपका आला. आता तो एका शाळेच्या फाटकावर राखणदार आहे. त्याची ताई, डावऱ्याची आई, सहा वर्षे त्याच्याशी बोललेली नाही. तो दाराशी गेला तेव्हा तिने आतून सांगितले म्हणे, की तुझा हात कशाला अडला होता ते मला कळू दे, मग ये. रोज सकाळी तो वाचनालयासमोरच्या फुटपाथवर थांबतो आणि भाचा आत गेला की कामावर जातो.

आणि माझे काय झाले? मला लोक मानू लागले. आजीने वेळेवर थांबवले म्हणून पोरगा वाचला, असे म्हणू लागले. डावऱ्याला त्या दिवसाचे काही आठवत नाही, खोलीतले बोलणेही नाही. तो दर रविवारी माझ्याकडे येतो. त्याच्या आईने मला स्वेटर विणून दिला, म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून माझा मुलगा घरी आला.” त्या स्वेटरच्या आतल्या बाजूला तशीच लाल चांदणी आहे. तो मी एकदाही घातलेला नाही. तो कोणाला द्यायचा, हे लिहिण्याचा मला अधिकार वाटत नाही. तो तिने परत मागितला तर द्यावा.

मी रोज प्रार्थना करतो, पण सहा वर्षांत काही मागितलेले नाही. मागायला तोंड उघडले, की समितीपुढचे ते तीन शब्द आठवतात, ‘मी आधी थांबवलं’.

तरी मी हे लिहितो, की टॉवेल वेळेवर पडला होता. वस्तादचा हात कुठेही अडला नाही. उशीर माझा, खोटे माझे. मागाहून, बायकोने हा कागद वाचल्यावर, या कलमाची सहीची प्रत संघटनेला टपालाने पाठवली आहे, पावती सोबत जोडली आहे. संघटनेने त्याचा परवाना परत द्यावा आणि माझे नाव पंचांच्या यादीतून काढावे.

कलम ५. तो टॉवेल माझ्यामागे वस्तादला द्यावा.

हे कलम रद्द. कारण पुढे.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना बायकोला टॉवेल सापडला. सहा वर्षांपूर्वीही तिने विचारले होते, हा कोणाचा, आणि मी म्हणालो होतो, कुणाचा तरी राहिला असेल. या वेळी मी तिला सगळे सांगितले आणि हा कागद वाचायला दिला. तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाली, “घर द्या, खोली द्या, माझं काही म्हणणं नाही. पण हे तुम्ही मेल्यावर उघडायचं? म्हणजे तोवर त्याने फाटकावर उभं राहायचं?”

तिने माझ्यापुढे पाणी ठेवले आणि म्हणाली, “तेव्हा अकरा मोजलेत. आता किती मोजणार?”

वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. मला साक्षीदार वस्तादच हवा होता. म्हणून कलम ५ खोडले. टॉवेल आज, जिवंतपणी, हातात दिला आहे.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली. वस्ताद सकाळी साडेदहाला आला. चप्पल घालूनच उंबऱ्यापाशी थांबला, बायकोने हाताला धरून आत आणले. दुसरे साक्षीदार, गल्लीतल्या दवाखान्याचे डॉक्टर, हजर होते. मी कलम ४ मोठ्याने वाचले. मध्ये माझा आवाज गेला तेव्हा कोणीही पुढे वाचून दिले नाही, ते बरे झाले.

वाचून झाल्यावर वस्ताद बराच वेळ चांदणीवरून अंगठा फिरवत होता. मला वाटले होते, तो मारेल. त्यासाठी माझी तयारी होती, डॉक्टर शेजारी होते. पण त्याने विचारले, “म्हणजे मी वेळेवर टाकला होता?”

मी हो म्हणालो. त्याने पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा हो म्हणालो.

मग खाली बघत म्हणाला, “पहिलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो. मग लोक म्हणतात तर तसंच असेल, असं वाटायला लागलं. अलीकडे मला माझा हात अडलेला दिसायचा, डोळे मिटले की. स्पष्ट दिसायचा.”

हे मला माहीत नव्हते. परवाना घेतला, बहीण घेतली, एवढीच माझी यादी होती. त्याने डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा मी त्याच्याकडून काढून घेतले, हे आज कळले. याला कलम नाही.

माफ केले असे तो म्हणाला नाही, मीही विचारले नाही. त्याने डॉक्टरांकडून पेन घेऊन सही केली, टॉवेलची चार पदरी घडी घातली आणि म्हणाला, “ऊठ, आजी. ताईकडे जायचंय. तीन मजले आहेत. तुझी छाती सांभाळत चढू, पण आजच चढू.”

बायको म्हणते आहे, तिथून आल्यावर पुढचे लिहा. पण पुढचे लिहायचे काही उरलेले नाही. डावऱ्याच्या आईने खोली नको म्हटले, तरी कलम १ कायम समजावे. हा कागद सोबत नेत आहे. ती मला दार उघडेल, त्याला उघडणार नाही, म्हणून पुढे मी चढणार आहे.

लिहून देणार: कुलूपवाला, आजवर मुष्टियुद्धाचा पंच. (सही)

साक्षीदार दुसरे: गल्लीतल्या दवाखान्याचे डॉक्टर. लिहून देणाऱ्याची नाडी जलद, बुद्धी शाबूत. (सही)

साक्षीदार पहिला: वस्ताद, डावऱ्याचा मामा. (सही, आणि त्याखाली त्याच्याच हाताने: टॉवेल पोचला.)

स्थळ: राहत्या घराची रस्त्याकडची खोली.
दिनांक सतरा, रविवार, सकाळी सव्वाअकरा.