जबड्याचा खानदानी दोष

२ जून
जेवताना जबडा कट्-कट् वाजतो. बायको म्हणते, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतं. खोटं. दातांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, रागाने दात आवळून धरता का? मला राग येतच नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं.

५ जून
नेटवर सापडलं! जबड्याच्या सांध्याचं दुखणं जीन्समुळेही होतं. म्हणजे अण्णा. माझ्या या वडिलांचा जबडा जन्मभर वाजत आलाय. घर नाही दिलं, दार नाही. दिलं काय, तर हे. आजपासून त्यांच्याशी बोलणं बंद.

६ जून, सकाळी ८
बोलणं बंद केल्याचं सांगायला अण्णांना फोन केला. चाळीस मिनिटं. ते गप्प होते. अपराधी माणूस गप्पच बसणार.

१९ जून
थुंकी तपासायला दिली होती. रिपोर्ट आला: आनुवंशिक धोका किंचित जास्त. 'किंचित' खोडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नुसत्या जीन्सनी दुखणं येतंच असं नाही, आधी दात आवळणं सोडा, झोपताना प्लास्टिकचं कवच घाला. कवचं पडून असतील त्यांच्याकडे. रिपोर्टची प्रत अण्णांना पोस्टाने रवाना.

२३ जून
ताईचा फोन. मला लाज नाही म्हणे. अण्णांचा जबडा कारखान्यात मशीनचा पट्टा तुटून लागला तेव्हा मोडला. मी पाळण्यात होतो.
हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? या घरात माझ्यापासून सगळं लपवतात.
असो. मग दोष आईकडचा.

२४ जून
मामांना फोन केला. त्यांच्याकडे सगळ्यांचे जबडे ठणठणीत. मी पुढचं विचारण्याआधीच त्यांनी फोन आपटला. रागीट खानदान.

३० जून
मुलगी नऊ वर्षांची. आठवडाभर म्हणतेय, सकाळी उठल्यावर गाल दुखतात. आयता पुरावा! स्वतः तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. रिपोर्टही बरोबर घेतला.
दाढा झिजल्यात म्हणाल्या. रिपोर्ट बाजूला सारून तिलाच विचारलं, दात कधी दाबतेस गं? ती म्हणाली, बाबा जिना चढताना ऐकू आले की. मग झोपेतसुद्धा.
हे तिला कुणी पढवलं, असं खडसावून विचारायला मी तोंड उघडलं. ते मिटेना. डॉक्टरबाईंनी दोन्ही अंगठे आत घालून जबडा जागेवर बसवला, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. दोन दिवस एक शब्द काढायचा नाही.
घरी येताना मुलगी रस्ताभर बोलत होती. शाळेतलं, मैत्रिणीचं, कुठल्याशा मांजरीचं. ती इतकं बोलते, हे मला माहीत नव्हतं.