नातीच्या गालावरचा गेरू

आई, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. मला गालगुंड झालं होतं, तेव्हा तू गालाला गेरूचा लेप लावून कॉन्व्हेंट शाळेत पाठवलंस आणि सिस्टरनी तो सगळ्या वर्गादेखत नळाखाली धुवायला लावला. घरी येऊन मी तुला गावंढळ म्हणाले. तू तव्यावरची पोळी उलटत एवढंच म्हणालीस, "गावंढळ तर गावंढळ. ठणका कमी झाला का ते सांग." झाला होता. मी सांगितलं नाही.

यंदा नातीचा खालचा जबडा एका बाजूने फुगला. सूनबाई म्हणाली, "आई, तिला दुखत नाहीये, तापही नाही, आणि हे बघा, दात सरकलेत. दाखवून येऊ या." पनवेलमध्ये हल्ली वाण्याच्या दुकानांपेक्षा दातांचे दवाखाने जास्त. पण मी म्हणाले, "आम्ही काय मोबाईलवर बघून मुलं वाढवली? गालगुंड आहे. परीक्षा होऊ दे." आणि सहाणेवर गेरू उगाळला. परीक्षा संपली, अर्धी सुट्टी गेली, मी उगाळतेच आहे. नात आरशात बघून म्हणते, "आजी, मी अर्धा मारुती दिसते!" आणि आम्ही दोघी हसतो.

शेवटी सूनबाईने मला न विचारता रिक्षा बोलावली. स्कॅन झाला, तुकडा काढून तपासला. जबड्याच्या हाडात मोठ्या पेशींची गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, पण हाड आतून पोखरणारी, आणि खरवडून काढली तरी परत येऊ शकणारी. डॉक्टर माझ्या मुलाहून लहान. म्हणाले, "आजी, गालगुंड कानाखाली येतं आणि दुखतं. हे हनुवटीजवळ आहे." मी फटकन म्हणाले, "मला शिकवू नका, मी कॉन्व्हेंटात शिकले आहे." त्याचा तिथे काय संबंध होता, देव जाणे.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर दोन पक्के दात गेले. पोर आता ओठ मिटून हसते. सूनबाई मला एका शब्दाने बोललेली नाही. उलट औषधांच्या वेळा मलाच सांगून कामावर जाते. तेच जास्त लागतं. तू तरी चार शब्द सुनावले असतेस.

काल टाके दाखवायला गेलो, तेव्हा सूनबाईने डॉक्टरांना विचारलं, "आधी आणलं असतं तर दात वाचले असते का?" मी पर्स उचलली, पाण्याची बाटली आणते म्हणाले आणि बाहेर पडले. परतताना रिक्षात मी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. हे तुला धाडायची सोय नाही, ते बरंच आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, आई, आणि कधी कळू नये असंच वाटतं आहे.