दादा, वार्निश वाळेना

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, त्यामुळे उभ्यानेच. मनाने मात्र पूर्ण आडवा झालो आहे असं समजावं.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींची पाठदुखी थांबली का? आत्याला ऐकू येण्याचं यंत्र बसवलंत असं कळलं. आता माझ्याविषयी बोलताना दार लावून बोलत जा. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. दोघंच आहोत की नाही याबद्दल मला आठवडाभर शंका आहे, पण ते ओघाने येईलच. एकदम सांगितलं तर तू पत्र अर्ध्यावर टाकशील आणि मला वेड लागल्याची बातमी सगळ्या नातेवाइकांत पसरवशील. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

तुझी क्लॅरिनेट पोचली. पेटीत तुझी चिठ्ठी होती: चकचकीत करून विकून टाक, मला तिचं तोंड पुन्हा बघायचं नाही. तुझ्या डाव्या हाताचं बोट चार वर्षांपूर्वी माझ्याच कारखान्यातल्या करवतीने नेलं, त्यानंतर तू क्लॅरिनेटला हात लावला नाहीस आणि माझ्या दारात पाऊल ठेवलं नाहीस. असं असताना तिची विल्हेवाट लावायला तू मलाच निवडलंस, याचा अर्थ काय घ्यावा ते मला कळेना. मग मी अर्थ घ्यायचं सोडून काम घेतलं. ते मला जास्त जमतं.

आता मी कपाटं, पलंग आणि टेबलं पॉलिश करणारा माणूस. आजवर ज्या वस्तूला हात लावला तिने नंतर भिंतीला टेकून गप्प उभं राहावं, एवढीच माझी अपेक्षा असायची. वाजणाऱ्या लाकडाशी माझा संबंध म्हणजे करकरणारे पलंग, आणि तेही लोक माझ्याकडे आवाज बंद करायला आणतात. त्यामुळे मला अगदी साधे साधे प्रश्न पडले. क्लॅरिनेटला पॉलिश करतात की नुसतं तेल पाजतात? बाहेरून करायचं की आतूनही? वार्निश भोकात ओघळलं तर सूर बिघडतो का? तुला विचारायची सोय नव्हती, कारण क्लॅरिनेट हा शब्द कोणी काढला की तू भरल्या ताटावरून उठतोस असं वहिनी सांगतात. म्हणून मी माझ्याच अकलेने सुरुवात केली. तिच्यावरच्या, बोटांनी दाबायच्या, सगळ्या चाव्या काढल्या, एकेकीला कागदात गुंडाळून वर नंबर घातला. सतरा पुड्या झाल्या आणि एक स्क्रू जास्तीचा उरला. (अजून मी काहीही परत जोडलेलं नाही, तरी उरला. हे कसं झालं असेल?)

गिऱ्हाईक लगेच मिळालं. आमच्या चौकातले दातांचे डॉक्टर नुकतेच निवृत्त झाले आणि उरलेल्या आयुष्यात त्यांना काहीतरी वाजवायचं आहे. (चाळीस वर्षं दुसऱ्यांना ओरडायला लावल्यावर स्वतः थोडा आवाज करावासा वाटणं साहजिक आहे.) त्यांनी आपली आरसा लावलेली छोटी सळई घालून क्लॅरिनेट आतून तपासली, कीड नाही म्हणाले, आणि एकच अट घातली. तोंडात जाणारी वस्तू आहे, तेव्हा झाडाची नैसर्गिक राळ काय असेल ती लावा, डब्यातलं केमिकल नको. तोंडात जातो तो तुकडा वेगळा असतो आणि तो लाकडाचा नसतोच, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मला 'आ करा' म्हणावं तशा नजरेने पाहिलं. येत्या शनिवारी येतो, वार्निश खडखडीत वाळलेलं असेल तर घेऊन जातो, असं ठरलं.

इथे माझी चूक झाली, आणि ती चूक धंद्यात मुरलेला माणूसच करू शकतो. तेलकट लाकडाला आधी लाखेचा एक हात मारायचा, म्हणजे आतलं तेल वर येत नाही, हे मी झोपेतही सांगेन. पण लाखेला दमट वाफ लागली की ती पांढरी पडते, हेही मला ठाऊक. म्हटलं, या वस्तूत माणूस दिवसभर फुंकर घालणार, उगाच पांढरे डाग कशाला? म्हणून लाख टाळली आणि थेट चंद्रसाचं वार्निश केलं, अगदी जुन्या पद्धतीने. चंद्रस म्हणजे झाडाची राळच. ती मंद आचेवर वितळवायची, जवसाच्या तेलात मुरवायची आणि टर्पेंटाइन घालून पातळ करायची. घरात असा वास सुटला की हिने दोन दिवस माझ्याशी नाक धरून भांडण केलं. वार्निश उतरलं मात्र मधासारखं. पण ते लाकूड जात्याच तेलकट, त्यात तू वीस वर्षं पाजलेलं तेल. एका दिवसात वाळायला हवं ते तिसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होतं. वार्निश आत ओघळू नये म्हणून मी भोकांत कागदाच्या गोळ्या बसवल्या होत्या. क्लॅरिनेटचे तुकडे धूळ बसू नये म्हणून काचेच्या कपाटात टांगले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे दोन ते चार कारखाना बंद ठेवला. चारला येऊन बघतो तर वरच्या तुकड्यावर, डाव्या हाताच्या तिसऱ्या भोकापाशी, बोटाचा ठसा. कुलूप जसंच्या तसं. भोकातली कागदाची गोळी आत ढकललेली, आणि भोकाच्या काठाला वार्निशमध्ये बोटाच्या बारीक बारीक रेघा स्पष्ट उठलेल्या. दादा, ठसा एकच होता. माणूस वस्तू उचलतो तेव्हा मागे अंगठा तरी लागतोच. मी उलटीपालटी करून पाहिली. अंगठा नाही, शेजारचं बोट नाही, काही नाही.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला, कारण घरात काहीही बिघडलं की तशीच पद्धत आहे. पण माझी बोटं तुला माहीत आहेत. तीस वर्षं स्पिरिट आणि पॉलिश पेपर यांनी घासून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यांचा ठसाच उठत नाही. मागच्या महिन्यात बँकेत ठशाच्या यंत्रावर मी दहाही बोटं आळीपाळीने ठेवली. दर वेळी यंत्र म्हणालं, व्यक्ती आढळली नाही. शेवटी खिडकीपलीकडच्या बाईंनी, तुम्ही स्वतः का आला नाहीत, असं मला समोर उभं करून विचारलं. सांगायचा मुद्दा, रेघा असलेला ठसा माझा असूच शकत नाही. मग मी हिच्यावर संशय घेण्याचं धाडस केलं. हिने शांतपणे आपलं बोट त्या ठशावर धरून दाखवलं. अर्ध्यातच मावलं. (त्या दिवशीचा चहा मी स्वतः केला.)

ठसा घासून काढला आणि नवा हात मारला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा ठसा, त्याच भोकापाशी. पुन्हा घासला, पुन्हा हात मारला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळभर वार्निश सुकत सुकत येतं, दोनला बघावं तर जेमतेम ओलसर, आणि चारला ठसा. दोन ते चार ही वेळ कोणाची होती ते मी तुला सांगायला नको. यंत्रं बंद झाली की तू याच जागेत स्टुलावर बसून रियाज करायचास, कारण घरी आत्या डोकं दुखतं म्हणायची.

परवा मी जेवण लवकर आटोपून त्या कपाटासमोर बसून राहिलो. दोन वाजले, अडीच वाजले. मला पेंग येऊ लागली, म्हणून चंद्रसाचे खडे मोजत बसलो. पावणेतीनच्या सुमारास कपाटाच्या काचेवर आतून थोडी वाफ धरली, एवढ्याएवढ्याशा जागेवर. आणि मग तिसऱ्या भोकातली कागदाची गोळी माझ्या डोळ्यांदेखत आत गेली. सावकाश गेली. सूर लावण्याआधी तू बोट ठेवायचास, तशी. वार्निश दबलं, त्यात रेघा उठल्या, आणि बराच वेळ त्या तशाच दाबलेल्या राहिल्या. उठून पळावं असं वाटत होतं, पण गुडघ्याने साथ दिली नाही. (म्हणजे माझ्या धैर्याचं सगळं श्रेय गुडघ्याला आहे.)

संध्याकाळी भिंग घेऊन ठसा पाहिला. त्याच्यावरून एक तिरपी रेघ गेली आहे. भोकाच्या एका काठावर सुरू होते आणि पलीकडच्या काठावर पुढे चालू होते. ती रेघ मी ओळखतो. तू अकरा वर्षांचा आणि मी आठ, बाबांच्या वार्निशच्या डब्याचं झाकण आपण दोघं ओढत होतो, मी एकदम सोडलं आणि पत्रा तुझ्या बोटात घुसला. तेव्हाही मी, दादाने स्वतःच कापून घेतलं, असं सांगितलं होतं. दादा, ठसा तुझ्या त्याच बोटाचा आहे, जे आता कोणाच्याच हाताला नाही.

काल डॉक्टर वाळलं का बघायला आले. मी ठसा दाखवला नाही, पण त्यांची नजर सवयीने भोकाकडेच जाते. त्यांनी वाकून पाहिलं, हा ठसा मालकांच्या बोटाचा का म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. चार वर्षांपूर्वी बोट गेलं, त्यांनी वाजवणं सोडलं, असं.

"मालकांनी सोडलं असेल," डॉक्टर म्हणाले. "याने सोडलेलं दिसत नाही."

तरीही शनिवारी येतो म्हणाले. दात काढणाऱ्या माणसाचं मन घट्ट असतं. शनिवारी दुपारी दोनच्या आत वार्निश वाळलं तर क्लॅरिनेट त्यांची, आणि मग ते बोट दोननंतर कुठे जाईल हे मला माहीत नाही. रात्री जेवताना मी हे हिला बोलून दाखवलं. मला वाटलं ही घाबरेल, जागा बदलू म्हणेल. ही ताट पुसत म्हणाली, "एकटंच येतं हो बिचारं."

बाकी सर्व ठीक. हवा कोरडी आहे, वार्निश वाळायला खरं तर उत्तम. वहिनींना नमस्कार, आत्याला साष्टांग (तोही उभ्यानेच). पत्राचं उत्तर सवडीने दे.

तुझा धाकटा,
पॉलिशवाला

ता. क. : सवडीने देऊ नकोस. डॉक्टरांना मी नाही म्हणून कळवतो आहे. वस्तू तुझी असली तरी वार्निश माझं आहे, आणि ओला माल मी दुकानाबाहेर देत नाही. राग आला असेल तर इथे येऊन काढ.

आणखी ता. क. : आता लिहूनच टाकतो. त्या दिवशी तू नुसता चहाला आला होतास. फळीचं टोक जरा धर, असं मी म्हटलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला परत पिटाळलं, दोन तासांत बोट आणलंत तर जोडता येईल म्हणाले. मी येऊन तुला काय सांगितलं ते तुझ्या लक्षात असेल: करवतीखालचं भुशाचं पोतं सगळं पालथं घातलं, कुठे मिळालं नाही. दादा, मी त्या पोत्यात हातच घातला नाही. पोत्यासमोर उभा राहिलो आणि बोट सापडेल, या भीतीने माझा हात उठेना. दीड तास बाहेर पायरीवर बसून होतो. नंतर पोत्याचं तोंड शिवून टाकलं. भुसा विकणारा मी, पण ते पोतं चार वर्षं कोपऱ्यात तसंच आहे. मला तुझी माफी मागायची आहे. समोर उभं राहून मागायला हवी होती, ती ता. क. मध्ये मागतो आहे, यावरून माझी लायकी तुला कळेलच.

तिसरा ता. क. : वरचं लिहून झालं आणि उठून पोतं उसवलं. सगळा भुसा मूठमूठ करून चाळला. ही चाळणी धरून बसली होती. काही नाही मिळालं. फक्त पोत्याच्या तळाशी, कपाटाकडच्या बाजूला, एक गोल भोक आहे. उंदराचं असणार. हीसुद्धा उंदराचंच म्हणते. मी त्यात माझं बोट घालून पाहिलं, बरोबर बसलं.

आजही चारला ठसा होता. मी तो घासला नाही. बाकीच्या भोकांतल्या कागदाच्या गोळ्या काढून ठेवल्या आहेत आणि सगळ्या क्लॅरिनेटवर आणखी एक हात मारला आहे, मुद्दाम जाड. म्हणजे चार-पाच दिवस काही वाळत नाही. उरलेली नऊ बोटं तुझ्याकडे आहेत. दोनच्या आत पोच.