वाकडी पाकळी

मुलुंड (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

चि. गंधालीस, आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनच केला असता, पण फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू पलीकडून नुसतं हं हं करतेस. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे. तेवढा वेळ तरी तुझी बोटं त्या स्क्रीनवरून उठतील.

परवा सोनं द्यायला बोरिवलीला कुंदाताईकडे गेलो होतो. तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला आहे. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत वाचणं बंद होईल. माझी ही मोठी बहीण, मी मराठी शिकवायचो त्याच पार्ल्याच्या आमच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेली, तुझ्या हातात पहिला खडू देणारी. आणि आता साखर की मीठ ते चाटून बघते. तिने तुझ्या चित्राची चौकशी केली. गुढीपाडव्याला तू कबूल केलं होतंस, शाळेचा व्हरांडा आणि स्नेहसंमेलनातली तिची रांगोळी आमच्या आठवणींवरून कॉम्प्युटरवर हुबेहूब काढून देते म्हणून. दिवाळी तोंडावर आली. ती मला विचारते आणि मी छताकडे बघतो. मला या दिरंगाईचा वीट आला आहे.

आज वारा फिरला आहे. कचऱ्याच्या डोंगराचा वास थेट देवघरापर्यंत आला, खिडक्या लावून बसलो आहे. अशा वेळी पार्ल्यातली सकाळ आठवते. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास वर्गात शिरायचा आणि चौथी ब एका सुरात कविता म्हणायची. मला कित्येक वर्षं वाटायचं, तो वास कवितेलाच येतो.

जाता जाता तीनच गोष्टी. गणपतीत तू चित्र दाखवलंस त्यात घंटेचा दोर पांढरा आहे. तो काथ्याचा होता. खांब निळे नव्हेत, मोरचुदी, हिरवट झाकेचे. आणि रांगोळीतल्या कमळाची डावीकडची पाकळी वाकडी होती. ताईने मधोमध हळदकुंकू टाकल्यावर ती माझ्या लक्षात आली. मी लगेच सांगितलं, तर म्हणाली, हळदकुंकू पडलं, आता ती झाली, आता ब्रह्मदेव आला तरी हात लावायचा नाही. तेव्हा तेवढी पाकळी वाकडी कर आणि देऊन टाक.

रागावलो तरी माया आहेच, ती तूही ठेव.
तुझा आजोबा, मार्तंड


अंधेरी
९ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांस, गंधालीचा सा. न. वि. वि.

दोर काथ्याचा केला. खांब मोरचुदी केले. पाकळी वाकडी करायला घेतली आणि माझी वाट लागली.

आजोबा, वाकडेपणासुद्धा नीट जमावा लागतो ना! जास्त वाकवली की मुद्दाम केल्यासारखी दिसते, कमी वाकवली की मलाच काढता येत नाही असं वाटतं. आतापर्यंत सव्वीस वेळा काढली. कागदावर फार खोडलं की कागद फाटतो, आणि माणूस सुटतो. इथे काही फाटत नाही. मागे जायचं बटण आहे, दाबत बसा. रांगोळीचा कण न कण मी आठपट मोठा करून वेगवेगळा काढला आहे. आठपट मोठं केल्यावर जगात काहीच चांगलं दिसत नाही, हे मला या सात महिन्यांत कळलं.

खरं सांगू? मला या चित्राची किळस आली आहे. ऑफिसात दिवसभर मी व्हिडिओ गेममधले राक्षस रंगवते, पू गळणारे, किडे पडलेले. त्यांचं काही वाटत नाही. घरी येऊन ही रांगोळी उघडली की आंबलेल्या वरणाला तार सुटलेली दिसावी तसं होतं. तरी रोज त्यात डाव घालून बघतेच. आई म्हणाली, जसं आहे तसं छापून दे गं बाई. मी तिच्यावर अशी खेकसले की ती दोन दिवस बोलली नाही.

मधलं तरी बरं म्हणायचं. कडेची पायरी, पोरांच्या चपला, हे सगळं मी एका दुपारी उरकून टाकलं होतं. तिकडे बघवतच नाही. पण कुंदाआजी आधी मधेच बघणार. मधलं झालं की कडांकडे वळीन.

होळीच्या आत देते. नक्की. रागवा, पण आशीर्वाद कमी करू नका.
तुमची गंधाली


मुलुंड (पूर्व)
१६ डिसेंबर २०२४

चि. गंधालीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राची मला किळस आली, अगदी स्पष्ट सांगतो. म्हातारी माणसं वाट बघत असताना तू एका पाकळीशी फुगडी घालते आहेस. आमच्या वेळी चित्र वाळलं की झालं. काय ते बटण! देवाने माणसाला मागे जायचं बटण दिलं नाही ते उगाच नाही.

ताईला आता वर्तमानपत्राचे मथळेही लागत नाहीत. मी जाऊन वाचून दाखवतो. परवा तिला आमची चौथीतली कविता चालीवर म्हणून दाखवली. दुसऱ्या कडव्यात अडलो, तर तिने पुढची ओळ दिली. 

तू मागच्या आठवड्यात आईबरोबर पाठवलेला छोटा प्रिंट भिंगाखाली पाहिला. चित्र सुरेख आहे. मात्र फळ्यावरचा सुविचार माझ्या अक्षरात नाही, माझा ‘श’ गाठीचा असतो. पायरीला तडा होता. खिडकीच्या गजांत एक गज कमी होता, आणि व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा माठ, त्यावर पाणी काढायचं पितळी ओगराळं. एवढं केलंस की झालंच.

उशीर करू नकोस, आणि मला विसरू नकोस.
तुझा आजोबा, मार्तंड


बोरिवली
२० जानेवारी २०२५

चि. मार्तंडास, कुंदाताईचे आशीर्वाद.

जाड स्केचपेनने लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर चढू देत, तू लाल शाई घेऊन बसू नकोस.

गंधालीची आई काल येऊन सगळं सांगून गेली. पोरीला घाई कर म्हणून पत्रं लिहितोस आणि त्याच पत्रात ओगराळं घालतोस? मेल्या, तुझी सवय गेली नाही. पोरांचे निबंध असे माखायचास की वही कापल्यासारखी दिसायची. मला तेव्हाही ती बघवायची नाही.

दोघांनी इतकं कोरलंत, पण एकानेही मला विचारलं नाही की डोळा कुठून चालला आहे. मधून चालला आहे. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड गायब, दोन कान तेवढे दिसतात. तसं काही फार बिघडलं नाही. पण आता मला सगळं कडेकडेनेच दिसतं, आणि तेही किती दिवस, ते देव जाणे. मला चित्र हवं आहे. असेल तसं.

घरच्यांना आशीर्वाद. पत्र गंधालीला पाठव. भाषा सुधारू नकोस.
कुंदा


अंधेरी
११ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस, गंधालीचा सा. न. वि. वि.

कुंदाआजीचं पत्र मिळालं. वाचून मला स्वतःचीच इतकी घाण वाटली की जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी होतं तसं छापायला टाकलं. माठ नाही, ओगराळं नाही, ‘श’ बिनगाठीचा. शनिवारी बोरिवलीला गेले.

खिडकीपाशी टेबलावर चित्र पसरलं. आजी मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तशी, एका डोळ्याने बघू लागली. मी तिला कमळ दाखवायला तिचं बोट धरून मधोमध नेलं. ती म्हणाली, इथे नुसता राखाडी ढग आहे गं. दहा महिने, आजोबा. कण न कण.

मग ती एकदम हसायला लागली. कडेला चपला दिसल्या म्हणाली. त्या मी दुपारच्या झोपेत फराटल्यासारख्या काढलेल्या! त्यातली अंगठा तुटलेली चप्पल भीमराज शिपायाच्या मुलीची, सेफ्टी पिन लावलेली कोणाची, ती पोरगी कशी लंगडत नाचली, अर्धा तास सांगत होती. मला यातलं काही माहीतच नव्हतं. मी नुसते फटकारे मारले होते.

मग तिने देव्हाऱ्यातली कोयरी मागितली. मला वाटलं, मला कुंकू लावणार. तिने चाचपत चित्रावर चिमूट सोडली. हळद मध्यावर पडलीच नाही, डावीकडे पाकळीवर सांडली, आणि बोट पुसलं गेल्यामुळे भला मोठा पिवळा-लाल डाग.  हळद कागदावरून जात नाही. आजी म्हणाली, झाली.

घरी येऊन फाइल उघडली. दुसरा स्वच्छ प्रिंट दहा मिनिटांत निघाला असता. पाकळीही समोरच होती, सत्ताविसाव्यांदा. तशीच बंद केली. चित्राची किळस अजून गेलेली नाही. पण आता ते माझं राहिलेलं नाही.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे, तो राहू द्या.
तुमची गंधाली


मुलुंड (पूर्व)
१९ फेब्रुवारी २०२५

चि. गंधालीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला एक कबुली देतो. तुला गेलेलं प्रत्येक पत्र मी आधी वहीत कच्चं लिहिलं, दोनदा तपासलं, मग फेअर केलं. तुझ्या बटणाला नावं ठेवली तेही तिसऱ्या खेपेला. वही परवा उघडली आणि ताई म्हणाली ते दिसलं, सगळी पानं कापल्यासारखी. बघवेना. रद्दीत घातली. हे पत्र थेट लिहितो आहे, खाडाखोडीसकट.

काल बोरिवलीला गेलो. चित्र ताईच्या खाटेच्या उजव्या अंगाला लावलं आहे, तिला तिरक्या नजरेने दिसेल असं. मी बराच वेळ उभा होतो. हळद छान पसरली आहे. पार्ल्याचा तो गोड वास काही आला नाही, पण चौथी ‘ब’चा आवाज आला, खोटं सांगत नाही.

त्या चपलांत एक जोड माझा आहे, तो तुला नकळत साधला आहे. त्याच्याबद्दल एक छोटीशी दुरुस्ती सांगायची होती.

सांगणार नाही.

तुझा आजोबा,
मार्तंड