करंगळीशेजारचं बोट

३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिट्टी सुखरूप घरी पोहोचली. तुझ्याकडे राहून पोरगी स्वतःचं ताट स्वतः उचलायला लागली, त्यामुळे तुझ्या भावजयीच्या मते तू पियानो नाही शिकवलास तरी चालेल. पण ताई, तिचा उजवा हात दुखतो. जेवताना चमचा डाव्या हातात धरते. वाजवताना करंगळीशेजारचं बोट सारखं वर उचलून ठेवते. विचारलं तर म्हणाली, आत्याचं असंच असतं, म्हणून तर तिचं वाजवणं वेगळं वाटतं.

माझं आयुष्य छापखान्यात गेलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा यंदाच आहे, म्हणून जीव खालीवर होतो. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझा,
बापू

९ मे

चि. बापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड जायची नाही. तू अक्षरं छाप, बोटांचं मी बघते. मी कधी पुस्तकातून बोटं शिकवली नाहीत. माझ्या पियानोला लागून दुसरा पियानो आहे. मुलं माझ्या हाताकडे बघतात आणि तसंच वाजवतात. माझे गुरूही असंच शिकवायचे. परवाच्या कार्यक्रमानंतर तर वर्तमानपत्रात माझ्या ‘तरंगत्या बोटा’चं कौतुक छापून आलं. कात्रण सोबत पाठवते, घरात मोठ्याने वाच.

सुट्टी संपली की बिट्टीला वेळेवर धाड. भावजयीला आशीर्वाद.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२ जून

चि. बापूस,
आशीर्वाद.

आधीचं पत्र फाडून टाक, कात्रणही.

काल मुलांच्या वार्षिक कार्यक्रमाची तालीम होती. एरवी मी त्यांच्याबरोबर वाजवत असते, काल सभागृहात बाजूच्या खुर्चीवर बसले. एकेक मूल येऊन वाजवून गेलं. प्रत्येकाचं ते बोट वर! सगळ्यात लहान मुलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पण बोट मात्र बरोबर उचललेलं.

बापू, ती माझी शैली नाही. दोन वर्षं झाली, पियानोवर हात ठेवला की ते बोट आपोआप आत वळतं. दुखत नाही, सुजत नाही, भाजी चिरताना शहाण्यासारखं वागतं. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा हुकूमच चुकीचा पोहोचतो, खात्रीचा इलाज नाही. मध्ये येऊ नये म्हणून मी ते उचलून धरते. कुणाला कळलं तर कार्यक्रम थांबतील, मग मी कोण उरते? म्हणून तोंडाला कुलूप लावलं. आणि माझं दुखणं पोरं कला समजून गिरवत बसली. मला फार भीती वाटते रे.

ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढं सगळं एकटीने गिळलंस? तू माझी ताई उरतेस, हे लिहून तुझं समाधान होणार नाही, म्हणून लिहीत नाही. मुलांना मात्र खरं सांग. बिट्टीला दुसऱ्या कुणाकडे घालायचं का, असं ही विचारते. मी म्हटलं, ताईलाच विचारू. तू म्हणशील ते करू.

आमची माया गृहीत धर.
बापू

३० जुलै

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. सगळ्यांना बसवून पट्ट्यांवर हात ठेवला आणि बोट वळू दिलं. कुणी हसलं नाही. त्या लहान मुलीने ते धरून सरळ करून पाहिलं. माझे पुढचे कार्यक्रम रद्द केल्याचं कळवलं. मुलांसमोर वाजवणंही बंद केलं, नुसतं तोंडाने शिकवते. काठावर बसून पोहायला शिकवण्यातला प्रकार! पण बिट्टीचा हात दुखायचा थांबला आहे. परीक्षेत काय होईल ते देव जाणे. तिला दुसरीकडे घालू नका, एवढंच मागते.

तरीही मुलांना बघायला एक हात लागतोच. म्हणून आज बिट्टीला माझ्या जागी बसवलं, आणि मी मुलांच्या मागे जाऊन बसले. तिचं ते बोट इतकं सहज पडत होतं, जसं माझं पूर्वी पडायचं. मला फार बरं वाटलं, असं तुला लिहिणार होते. नाही वाटलं, बापू. मी उठून बाहेर गेले आणि पोटभर रडले.

मग डोळे पुसून परत आत गेले, कारण तिचा डावा हात घाई करत होता.

तुझी,
ताई