हरणी कशानं खाजवते

सांगली,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय संयोगिता,
जय जिनेंद्र आणि सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा तू फोन केलास तेव्हा मी नुसतीच हूं हूं करत होते. खरं सांगायचं तर तुझं एक अक्षर ऐकू आलं नाही. कानातलं यंत्र लावलं की कुकरसारखं वाजतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आमच्या हरणीनं जिवाला घोर लावलाय. मांजर सारखं मान आणि गाल खाजवतं. कानामागची कातडी सोलून निघालीय. आधी वाटलं पिसवा असतील. डॉक्टरांनी बारीक फणी फिरवली, एकही सापडली नाही, तरी औषध सोडलं. नायटा तपासला, तोही नाही. मग आमच्या ह्यांना वाटलं, दुकानातल्या हळदीचा धुरळा बाधत असेल, कारण ती पोत्यांवरच झोपायची. तिला दुकान बंद केलं. फरशीचं फिनेल बंद केलं. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, दिष्ट लागलीया, मीठमिरच्या उतरून टाका. तेही केलं. खाज आहे तिथंच आहे. पोळी तोंडात धरत नाही, म्हणून म्हशीचं दूध दुप्पट देते. तेवढं मात्र आवडीनं पिते.

ह्यांचंही जेवणात लक्ष नाही. आम्हाला मूलबाळ नाही, तुला वेगळं काय सांगायचं. गटाराकडेला सापडलेलं ते पिल्लू ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून घरी आणलं होतं. तुला काही सुचलं तर कळव.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझी,
गुणमाला


मेढा,
१३ ऑगस्ट २०२४

प्रिय गुणमालेस,
सा. न. वि. वि.

मला म्हशीतलं कळतं, मांजरातलं नाही. म्हणून सूनबाईला, प्रियदर्शनीला घेऊन साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. सोबत मांजर नाही, नुसतं तुझं पत्र. डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी विचारलं, मांजर खातं काय? मी सांगितलं, दूध-पोळी, दूध-भात, सणाला तूप. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांचं म्हणणं, खाण्यातलंच काही सोसत नसेल तरी अशी खाज सुटते. ते ओळखायला दोनेक महिने तिनं आजवर कधी न खाल्लेली एकच वस्तू द्यायची, दुसरं काही म्हणजे काही नाही. शिवाय ते म्हणाले, खाज राहू दे बाजूला, मांसाशिवाय मांजराचं शरीर चालत नाही. पुढं डोळे जातात, काळीज कमजोर होतं. मिठाशिवाय उकडलेली कोंबडी देऊन बघा म्हणाले.

डी.एड.ला आपण एका खोलीत राहायचो. घरून माझा मटणाचा डबा आला की मी व्हरांड्यात जाऊन खायची, आणि तू लांबून तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालायचीस. कधी नाक मुरडलं नाहीस. म्हणून एवढं लिहायचं धाडस. तुझ्या घरात जमणार नाही, हे मला कळतं. तिला इकडं पाठव. भाऊजींनाही विचार.

राग आला तरी पत्र लिही.
तुझीच,
संयोगिता


सांगली,
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय संयोगिता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून उठले आणि बस्तीत, देवाच्या दर्शनाला निघून गेले.

माझं डोकं चालेनासं झालंय. खाऊ घालणं पाप, की उपाशी मारणं पाप? आजवर वाटायचं, आपल्या घरात आली म्हणजे आपलं खाईल. आणि तुझ्याकडे पाठवलं तर पाप टळतं का? त्याचा नुसता पत्ता बदलतो. दिवसभर असंच उलटसुलट. आज सकाळी तिच्या गालातून रक्त आलं आणि मी विचार करायचा सोडून दिला.

रविवारी हे गाडीनं तिला घेऊन येतील. मी येत नाही. आले तर तिला परत घेऊन निघेन. एक कर, ती काय खाते ते मला लिहू नकोस. कशी आहे तेवढंच लिही.

तिला थंडी सोसत नाही. जपशील, माहीत आहे.
तुझी,
गुणमाला


मेढा,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुणमालेस,
सा. न. वि. वि.

हरणीच्या मानेवर केस आलेत. चुलीपाशी अशी पसरते की सूनबाईला तिला ओलांडून जावं लागतं.

पण ती बरी झाली कशानं, हे काही कळेना. हळदीपासून लांब आली म्हणून, की हवा बदलली म्हणून? डॉक्टर म्हणाले, बाकी काही न बदलता फक्त दूध देऊन बघा. प्रियदर्शनी माझ्यावर चिडली. म्हणाली, बऱ्या जित्राबाला कशाला छळताय आत्या? तरी मी वाटीभर दिलं. आठवडा झाला नाही तोवर परत मान खाजवायला लागली. दूध तोडलं, तशी हळूहळू थांबली. गुणमाले, दूधच होतं ते.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. दूध बाधेल असं माझ्याही मनात आलं नसतं.

ऊन पडलं की ती आणि मी ओसरीवर बसतो, तुझी आठवण काढत.
तुझीच,
संयोगिता


सांगली,
१ डिसेंबर २०२४

प्रिय संयोगिता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी मला आनंद झाला, हे तुला सांगायला हवं. दूधच ना, मग वरण-भात देईन, म्हटलं, मांसाचा प्रश्नच मिटला. मग डोळ्यांचं आणि काळजाचं आठवलं. तीन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. चौथ्या दिवशी हे म्हणाले, व्रत आपण घेतलंय, तिनं कुठं घेतलंय?

आणि उठून पेठेत गेले. तिथं ह्यांना सगळे ओळखतात. भर दुपारी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मांजराच्या खाण्याची पिशवी हातात घेऊन चालत आले. वाटेत आमच्या बस्तीतल्या सम्मेद शेटजींनी विचारलं, तर लपवलं नाही. पिशवी परसातल्या खोलीत ठेवलीय. तिचं भांडंही तिथंच. ते हे स्वतः धुतात. माझ्यानं अजून होत नाही.

काल ते तिला तुझ्याकडून घेऊन आले. परसात जाऊन खाल्लं तिनं. मी आत पाठ करून उभी होते. खाऊन ती सरळ आली आणि माझ्या मांडीवर बसली. तोंडाला वास येत होता. मी तिला उठवलं नाही.

संध्याकाळी सामायिकाच्या ध्यानाला बसले. क्षमा मागायची, पण आधी कुणाची तेच कळेना. जे जीव तिच्या वाटीत आले त्यांची, की इतकी वर्षं जिला मी समजून घेतलं नाही तिची? शेवटी दोघांचीही मागितली.

तू बरोबर केलंस, असं वाटतं. मी केलं का, ते तूच कधी येऊन सांग.
तुझी,
गुणमाला