थंडीत काय लावायचं

मुलुंड (पूर्व)
जानेवारी १९८५

प्रिय शुभा,

परवा दुपारी तुझी आई, मालनताई, माझ्याकडे येऊन गेल्या. दारातच पदर अंगाभोवती गुंडाळून म्हणाल्या, "तुमच्याकडे भलतीच थंडी हो जानकीताई!" आहेच मुळी. डोंगर जवळ, त्यामुळे सकाळी दूध आणायला जाताना आमच्या बिल्डिंगमधले पुरुष कानाला मफलर बांधतात. वाकोल्याला तेवढं नसणार, पण हवा कोरडी तिथेही झालीच असेल. मालनताई सांगत होत्या, तुझी कातडी फार ओढते, गळ्यापाशी तडतडते, खाज सुटली की तू चिडचिड करतेस, जेवत नाहीस. म्हणाल्या, "तिला थंडीत काय लावायचं ते जरा नीट लिहून कळवा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल." दुसऱ्या ऑपरेशनला मी पुन्हा दाखल झाले तेव्हा हॉस्पिटलात आपली शेजारी खाट होती, म्हणून माझं ऐकशील असं त्यांना वाटतं. बघू या.

भाजल्यानंतरची पहिली थंडी सगळ्यात वाईट असते गं, हे आधी सांगून टाकते. नवी कातडी आली म्हणून आपल्याला डिस्चार्ज देतात, पण त्या कातडीला स्वतःचं तेलच नसतं. बाकीच्या बायकांची कातडी थंडीत रुसते, आपली पार संपावरच जाते. (आमच्या घरात संप या शब्दावर विनोद करायला बंदी आहे, यांची गिरणी गेली तेव्हापासून. पण तू कुणाला सांगणार नाहीस.) तेव्हा पहिली गोष्ट, कढत पाण्याची आंघोळ बंद. थंडीत कढत पाणी अंगावर घेतलं की त्या घडीला बरं वाटतं, आणि तासाभरात कातडी पापडासारखी होते. पाणी कोमट, तेही आधी चांगल्या हाताने बघायचं, कारण नव्या कातडीला ऊन-गार नीट कळत नाही. साबण भाजलेल्या जागी रोज नको. अंग टिपायचं, पुसायचं नाही. आणि ओल असतानाच तेल.

तेल म्हणजे आपलं साधं खोबरेल. थंडीत ते बाटलीत गोठतं, मग मालनताई काय करतात, ती बाटली गॅसजवळ नेऊन ठेवतात. त्यांना सांग, तसं करायचं नाही. कोमट पाण्याच्या तांब्यात बाटली उभी केली की विरघळतं. बोटाच्या पेराने गोल गोल जिरवायचं, जोर लावायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा तरी. कंटाळा येतो, मला माहीत आहे. खाज सुटली तर नख लावू नकोस, तळहाताने हलकं थोपट आणि वर पुन्हा तेल. कुठे चीर पडली, रक्त आलं तर मात्र घरचं काही लावत बसू नकोस, सरळ ड्रेसिंगच्या सिस्टरांकडे जा. गळ्याला सुती रुमाल बांध, आईने विणलेली लोकरीची बंडी थेट अंगावर नको, आत मलमलीचं काहीतरी हवं. सकाळच्या उन्हात बस, पण पाठ उन्हाकडे, तोंड सावलीत. नव्या कातडीला ऊन लागलं की डाग काळे पडतात.

माझं तेल संध्याकाळी हे लावतात. मानेच्या मागे माझा हात पोचत नाही ना. कामावरून आले की चहा, मग रेडिओ, आणि रेडिओवर बातम्या लागल्या की माझ्या मागे स्टुलावर बसतात. पहिल्या वर्षी बोट जेमतेम टेकवायचे. जयवंत, तुम्ही तेल लावताय की नुसता वाराच घालताय, असं मी विचारायचे. आता गडी एका हाताने तेल लावतो आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खातो, भांडुपच्या त्या कंपनीतल्या साहेबाच्या तक्रारी सांगत. मला ते फार आवडतं. शेंगदाण्याची सालं पडतात माझ्या पाठीवर, तरी आवडतं.

चांगल्या कातडीलाही विसरू नकोस हं. हॉस्पिटलमधून घरी आलं की आपण भाजलेल्या जागेचेच लाड करतो आणि उरलेली सगळी बाई तशीच पडून राहते. तुझा उजवा गाल, कपाळ, हात किती छान आहेत. त्यांना रात्री ग्लिसरीन आणि गुलाबपाणी लाव, ग्लिसरीन थोडं, गुलाबपाणी जास्त, नाहीतर उशीला चिकटशील. ओठांना तूप. दुधावरची साय बोटभर चोरायची आणि कोपरांना चोळायची, मालनताई ओरडल्या तर माझं नाव सांग. टाचांना आमच्या गावचं मुठेल पाठवते आहे. कोकमाच्या बियांचं तेल असतं ते, मुठीत वळून घट्ट केलेलं. जरासं तापवून भेगांत भर आणि वर मोजे घाल. केसांना आठवड्यातून एकदा कोमट तेल लाव आणि विंचर. विंचरतेस ना?

आता तुला एक गंमत सांगते. तुला वॉर्डात मी सांगितलं होतं बघ, की भाजण्याआधी आमच्या बिल्डिंगमधल्या नवऱ्या मीच सजवायचे. मेंदी, अंबाडा, नऊवारी, सगळं. पार्लरची पाटी नव्हती, पण लग्न ठरलं की आधी हॉलवाल्याकडे जायचे आणि मग माझ्याकडे. स्टोचा भडका झाला त्यानंतर कोणीच आलं नाही. कुणी वाईट बोललं नाही हं. उलट डबे आणून द्यायचे, चौकशी करायचे. फक्त लग्न असलं की जिन्यावरून जाताना आवाज बारीक व्हायचे. मीही दार लोटून घ्यायचे. सवय झाली होती.

तर मार्गशीर्षात तळमजल्यावरच्या वसुधाचं लग्न होतं. लग्नाला जेमतेम महिना असताना एका सकाळी ती धावत वर आली, ओढणीने तोंड झाकलेलं. "जानकीवहिनी, माझी वाट लागली!" मी ओढणी काढली तर गालांवर पापुद्रे, हनुवटी लालभडक. उजळ दिसायला म्हणून लिंबू, वर बेसन, वर मैत्रिणीने दिलेलं कसलंसं क्रीम, असं रोज चाललेलं. आणि बाहेर ही कोरडी थंडी. ती हमसून रडत होती, मुलगा बघायला आला तेव्हा चेहरा कसा होता, आता बघेल तेव्हा काय म्हणेल. आणि बोलता बोलता एकदम थांबली, माझ्याकडे बघून. तिला कळलं आपण कुणासमोर काय बोलतोय. मी म्हटलं, "अगं, चेहऱ्याचं दुःख माझ्याकडे नाही सांगणार तर कुणाकडे सांगणार?" मग दोघी हसलो. रडत रडत हसली बिचारी.

मी तिचं सगळं बंद केलं. लिंबू बंद, बेसन बंद, साबण बंद. सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवायचं आणि लगेच खोबरेलाचे दोन थेंब, रात्री साय. आठ दिवस काही फरक दिसेना, तेव्हा तिची आई जरा नाराज झाली, पण मी म्हटलं, हात लावू नका, कातडीला तिचं तिचं काम करू द्या. आणि हळूहळू पोरीच्या गालावर पाणी आलं. उजळ-बिजळ काही झाली नाही, होती तशी सावळीच, पण अशी तुकतुकीत की बघत राहावं.

लग्नाच्या सकाळी मला बोलावणं आलं. मी पोचले तर खोलीत वसुधाची पुण्याची आत्या. तिने मला दारात पाहिलं आणि वसुधाच्या आईला म्हणाली, मला ऐकू येईल असं, "अहो, आज तरी दुसरं कोणी मिळालं नाही का? भाजलेली बाई नवरीला हात लावणार?" शुभा, वळून जावं असंच वाटलं. वसुधा पाटावर केस सोडून बसली होती. शांतपणे म्हणाली, "ठीक आहे आत्या. मग मी अशीच बोहल्यावर उभी राहते. केस सोडून." आणि खरंच हलेना. बाहेर बँड वाजायला लागला तरी हलेना. शेवटी तिच्या आईनेच फणी उचलली आणि माझ्या हातात दिली.

पण पुढची पंचाईत वेगळीच. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत, तू पाहिली आहेस. अंबाडा धरायचा आणि पिनाही धरायच्या, हे एका वेळी होईना. मी इकडेतिकडे पाहिलं, तर जवळ आत्याच. म्हटलं, "जरा पिना धरता का?" तिने धरल्या. आधी तोंड वाकडं करून, मग एकेक पीन आपणहून पुढे करत, मग "इथे सैल वाटतंय हो" असं सांगत. गजरा माळून झाला तेव्हा तीच सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "झकास!" आणि संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मला बाजूला घेऊन साडी वर उचलून विचारते, "माझ्या टाचा बघा हो किती फुटल्यात, याला काही आहे का?" मी मुठेलाचा अर्धा गोळा दिला. काय करणार!

त्यानंतर माझ्याकडे आणखी दोघी विचारून गेल्या. माघात लग्नं आहेत त्यांची. माझा हात पूर्वीसारखा चालत नाही, वेळ लागतो, हे मी आधीच सांगते. त्या चालेल म्हणतात. रोज फणी घेऊन सराव करते, आमच्या शेजारणीचे केस सगळे उपटून झाले.

तर शुभा, तुझ्या आईने मला फक्त थंडीत काय लावायचं एवढंच लिहायला सांगितलं होतं. बालवाडीतल्या तुझ्या नोकरीचं लिहू नका म्हणाल्या, ती बिथरते. पण निघताना जिन्यात उभं राहून त्यांनीच सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी तुझी जागा अजून कोणाला दिलेली नाही, सोमवारी संक्रांतीला निदान मुलांना तिळगूळ द्यायला ये असा निरोप त्यांनी पाठवला, आणि तू 'मुलं घाबरतील' म्हणून नाही कळवलंस. घाबरतीलही गं. एखादं रडेलसुद्धा. आणि तू पुन्हा कधीच बाहेर पडली नाहीस तर कोणीच रडणार नाही, हेही खरं आहे. लग्नाचं वगैरे तू वॉर्डात विचारलं होतंस, त्याचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण मुलांना गाणी शिकवायला डावा गाल लागत नाही, एवढं नक्की माहीत आहे. म्हणून मी ठरवलं आहे, सोमवारी सकाळी मी येते. तिळगूळ मी करून आणते, मऊ वड्या, लहान दातांना चावता येतील अशा. भाजल्यापासून मी एकटी मुलुंडच्या बाहेर कधी गेलेली नाही. हे सोबत येतो म्हणतात, मी नको म्हटलंय. दहाच्या सुमाराला सांताक्रुझ स्टेशनबाहेर, पूर्वेच्या बाजूला, तिकीटखिडकीपाशी मी उभी राहीन, डोक्यावरून पदर न घेता. मला वाकोल्याचा रस्ता अजिबात माहीत नाही आणि तुमचं घर विचारत फिरायचा धीर मला होणार नाही. मालनताईंना पाठवायचं नाही, तसं त्यांच्याकडून मी कबूल करून घेतलं आहे. तेव्हा तूच घ्यायला ये. तू येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
जानकीताई